विद्यापीठांतील फ्रेंचचा अभ्यास : कशासाठीं व कसा ?

दहावीचा निकाल लागला कीं आपल्या नागपुरांतील पुष्कळ घरांत एक प्रश्न हटकून निघतो : अकरावीला दुसरी भाषा कोणती घ्यावी ? मराठी, हिंदी, संस्कृत यांच्या पंक्तीस फ्रेंचचेंहि नांव ऐकूं येतें. तें नांव घेण्याचें कारण विचारलें असतां बहुधा एकच उत्तर मिळतें कीं, त्या विषयांत गुण चांगले पडतात. दोन वर्षें जातात, गुणहि पडतात, आणि पुढें थोड्याच दिवसांत ती भाषा पाटीवरील अक्षरांप्रमाणें पुसून जाते. नव्वद गुण मिळविलेला विद्यार्थी एखाद्या फ्रेंच पाहुण्यापुढें उभा राहिला, तर 'बाँझूर' या एका शब्दापलीकडे त्याची मजल जात नाहीं.

परंतु दरवर्षीं दोन-चार विद्यार्थी असेहि निघतात कीं ज्यांस त्या भाषेची खरी गोडी लागते, आणि ते घरीं येऊन म्हणतात, "मला पदवीपर्यंत हाच विषय घ्यावयाचा आहे." मग आईबापांस काळजी पडते. या शिक्षणाचा उपयोग काय ? पोट कसें भरणार ? आपली मराठी सोडून मूल परक्या भाषेचें होऊन जाणार काय ? या शंका रास्त आहेत, आणि 'हल्लीं परकीय भाषांना फार मागणी आहे' एवढें मोघम उत्तर त्यांस पुरेसें नाहीं. म्हणून विद्यापीठांत फ्रेंच शिकणें म्हणजे नेमकें काय, त्याचा आपल्या नागपूरशीं व आपल्या मराठीशीं कोणता संबंध येतो, आणि हा मार्ग कोणीं धरावा व कोणीं धरूं नये, याचा येथें थोडा विचार करूं.

प्रथम हें ध्यानांत घ्यावें कीं आपल्या शहराचा फ्रेंचांशीं संबंध आजकालचा नव्हे. १७४० सालीं नागपूरचे रघूजीराजे भोसले मराठ्यांची फौज घेऊन कर्नाटकांत उतरले. तेथील नबाब दोस्तअली लढाईंत पडला, आणि त्याच्या कुटुंबानें फ्रेंचांच्या पाँडिचेरी शहराचा आसरा घेतला. रघूजींनीं पाँडिचेरीचा गव्हर्नर द्युमा याजकडे खंडणी मागितली, आणि चंदासाहेबाची बायको व मुलगा यांस स्वाधीन करा असा निरोप धाडला. द्युमानें आश्रितांस देण्याचें साफ नाकारलें. १७४१ सालीं मराठ्यांनीं त्रिचनापल्ली घेऊन चंदासाहेबास कैद केलें, पण पाँडिचेरीवर हल्ला मात्र झाला नाहीं. द्युमानें भेटीदाखल धाडलेलें नांत शहरचें गोड मद्य रघूजींच्या राणीसाहेबांस इतकें आवडलें कीं त्यापायीं तंटाच मिटला, अशी एक मौजेची आख्यायिकाहि इतिहासकारांनीं नमूद केली आहे. आख्यायिका खरी असो वा नसो, नागपूरच्या दरबाराचा व फ्रेंचांचा पत्रव्यवहार अठराव्या शतकांत घडला ही गोष्ट खरी आहे.

दुसरा संबंध शाळांचा आहे. फ्रान्सच्या पूर्वेस आल्प्स पर्वताच्या पायथ्याशीं सव्हॉय नांवाचा प्रांत आहे. तेथील आनसी या सरोवराकांठच्या गांवांत १८३८ सालीं संत फ्रान्सिस द सालच्या नांवें मिशनऱ्यांचा एक संघ स्थापन झाला. या संघाचे लोक १८४६ च्या सुमारास विशाखापट्टणास आले व तेथून पुढें नागपुरापर्यंत पोंचले. नागपुरांतील सेंट फ्रान्सिस द सेल्स शाळा १८७० ची. १८८७ सालीं नागपूरचा स्वतंत्र धर्मप्रांत झाला, तेव्हां त्याचे पहिले बिशप अलेक्सी रिकाझ हेहि सव्हॉयकडचेच. या मंडळींची घरची भाषा फ्रेंच; पण येथें येऊन त्यांस इंग्रजी, मराठी, हिंदी शिकावी लागली. ज्या संताचें नांव त्या शाळेस दिलें आहे, तो सतराव्या शतकाच्या आरंभींचा एक थोर फ्रेंच गद्यलेखक होता. १६०९ सालीं प्रसिद्ध झालेला त्याचा भक्तिमार्गावरील ग्रंथ आजहि फ्रेंच वाङ्मयाच्या इतिहासांत अभ्यासिला जातो. ज्यांच्या नांवाच्या पाटीखालून मुलें रोज ये-जा करितात त्यांचें लेखन मूळ भाषेंत वाचणारा एकहि विद्यार्थी त्या शहरांत नसावा, हें कांहीं भूषणावह नाहीं.

तिसरा संबंध अगदीं आपल्या काळांतला. २०१२ सालीं नागपूरच्या पाणीपुरवठ्याचें काम फ्रान्सच्या व्हिओलिया कंपनीची भागीदारी असलेल्या संस्थेकडे सोपविण्यांत आलें. २०१६ सालीं नागपूर मेट्रोसाठीं फ्रान्सच्या सरकारी विकाससंस्थेनें १३ कोटी युरोंचें कर्ज देण्याचा करार केला. २०१७ सालीं मिहानमध्यें दासो या फ्रेंच विमानकंपनीच्या भागीदारींतील कारखान्याची कोनशिला बसली, आणि पुढें तेथें फाल्कन जातीच्या विमानांचे भाग तयार होऊं लागले. तेव्हां फ्रेंच ही कोठें तरी सातासमुद्रांपलीकडे बोलली जाणारी भाषा, असें नागपूरकरांनीं समजण्याचें कारण उरलेलें नाहीं.

आतां महत्त्वाच्या शंकेकडे वळूं. फ्रेंच शिकल्यानें मराठी सुटते काय ? याचें उत्तर एका माणसाच्या कामांतच आहे. त्याचें नांव झ्यूल ब्लॉक. १८८० सालीं जन्मलेला हा फ्रेंच पंडित पुढें पॅरिसच्या 'कोलेझ द फ्रांस' या विख्यात विद्यापीठांत संस्कृतचा अध्यापक झाला. त्यानें मराठी भाषेच्या घडणीवर फ्रेंच भाषेंत एक मोठा ग्रंथ लिहून १९२० सालीं पॅरिस येथें प्रसिद्ध केला. आधुनिक भाषाशास्त्राच्या पद्धतीनें मराठीचा सांगोपांग इतिहास मांडणारा हा पहिला मोठा ग्रंथ होय. वासुदेव गोपाळ परांजपे यांनीं तो मूळ फ्रेंचवरून मराठींत आणला व १९४१ सालीं 'मराठी भाषेचा विकास' या नांवानें तो वाचकांच्या हातीं पडला. इंग्रजी भाषांतर यावयास १९७० साल उजाडलें. म्हणजे इंग्रजी वाचकांच्या जवळजवळ तीस वर्षें आधीं हा ग्रंथ मराठी वाचकांस मिळाला, आणि याचें कारण एवढेंच कीं आपल्यांत फ्रेंच जाणणारा एक पंडित होता.

ब्लॉकची पद्धति कशी होती हें एका लहान उदाहरणानें समजेल. संस्कृत 'सप्त' या शब्दाचें प्राकृतांत 'सत्त' झालें, आणि मराठींत 'सात' झालें. 'हस्त' चें 'हत्थ' व मग 'हात'; 'कर्म' चें 'कम्म' व मग 'काम'. जोडाक्षर प्रथम एकजीव झालें, मग त्यांतील एक व्यंजन गळालें आणि त्याची भरपाई म्हणून आधींचा स्वर दीर्घ झाला. हा कांहीं एखाद्या शब्दाचा अपघात नव्हे. हा नियम आहे, आणि तो शेंकडों शब्दांस लागू पडतो. आतां फ्रेंचकडे पहा. लॅटिनमध्यें सातास 'सेप्तेम' म्हणत. फ्रेंचमध्यें त्यांतील 'प' गळाला व उच्चार 'सेत' असा राहिला. पुढें पंडितांनीं लॅटिनची आठवण म्हणून लिहितांना तो 'प' पुन्हां घातला, पण बोलण्यांत तो कधींच परत आला नाहीं. म्हणून आजहि फ्रेंच मुलगा लिहितो एक आणि वाचतो दुसरें. संस्कृतपासून मराठी व लॅटिनपासून फ्रेंच या दोघींनींहि एकाच तऱ्हेचा प्रवास केला आहे. ज्यानें एक वाट डोळसपणें पाहिली, त्यास दुसरीहि लवकर ओळखूं येते. ब्लॉकनें आपल्या वाटेचें ज्ञान आमच्या वाटेस लावलें. आम्हीं त्याच्या उलट करावें, यांत मराठीचा कोणता तोटा आहे?

ब्लॉक एकटाच नाहीं. गी दलरी या फ्रेंच जेझुइट पंडितानें पंढरीच्या वारीचा व विठ्ठलभक्तीचा अभ्यास केला आणि तुकोबांच्या निवडक अभंगांचें फ्रेंच भाषांतर १९५६ सालीं प्रसिद्ध केलें. गी प्वातव्हँ हे १९७० नंतरच्या दशकांत पुण्यांत येऊन राहिले, भारताचे नागरिक झाले, आणि हेमा राईरकर यांच्यासह त्यांनीं खेड्यापाड्यांतील बायकांच्या जात्यावरील ओव्या गोळा करण्याचें काम केलें. या संग्रहांत एक लाखाहून अधिक ओव्या आहेत. ज्या ओव्या आपल्या आज्या पहाटे दळतां दळतां गात आणि ज्या आपण लिहून घेतल्या नाहींत, त्या जपण्यांत एका फ्रेंच माणसाचा मोठा वाटा आहे. ही मंडळी मराठी शिकलीं, पण फ्रेंच विसरलीं नाहींत. दुसरी भाषा आली म्हणजे पहिली जाते हा समज या उदाहरणांनीं खोटा ठरतो. पहिली भाषा जाते ती तिची हेळसांड केल्यामुळें.

उलट बाजूहि पहावी. मोल्येर या सतराव्या शतकांतील फ्रेंच नाटककारानें आपल्या रंगभूमीस पुष्कळ हंसविलें आहे, पण प्रेक्षकांस त्याचें नांव क्वचितच ठाऊक असतें. त्याच्या १६६० च्या एका प्रहसनावरून आर्थर मर्फी नांवाच्या लेखकानें इंग्रजी नाटक रचलें. त्या इंग्रजी नाटकावरून गोविंद बल्लाळ देवल यांनीं १८९३ सालीं 'फाल्गुनराव' लिहिलें, आणि १९१६ सालीं तेंच 'संगीत संशयकल्लोळ' होऊन अजरामर झालें. हरि नारायण आपटे यांचें 'मारून मुटकून वैद्यबुवा' आणि आचार्य अत्रे यांचें 'कवडीचुंबक' यांचेंहि मूळ मोल्येरच्याच नाटकांत आहे. देवलांची प्रतिभा थोर खरी. तिनें दोनदां गाळून आलेल्या पाण्यासहि गंगेची गोडी आणिली. तरी नळाला पाणी येतें म्हणून नदी पाहूंच नये असें नाहीं. फ्रेंच वाङ्मय, तत्त्वज्ञान व इतिहास यांपैकीं बहुतेक सर्व आपल्यापर्यंत इंग्रजीच्या चाळणींतून आलें आहे. चाळणींत काय राहिलें हें मूळ भाषा जाणणाऱ्यासच कळतें.

इतिहासाच्या अभ्यासकांस तर याची गरज अधिकच आहे. १६७७ सालीं छत्रपति शिवाजी महाराज दक्षिणेंत उतरले असतां पाँडिचेरीच्या फ्रान्स्वा मार्तँनें आपला वकील जर्मँ याजला त्यांच्या छावणींत धाडिलें. मार्तँच्या आठवणींत त्या काळची पुष्कळ हकीकत आहे. पुढें महादजी शिंद्यांच्या कवायती पलटणी ज्यानें उभारल्या तो द ब्वान्य हाहि सव्हॉयचाच, शांबेरी गांवचा. मराठ्यांच्या इतिहासाचीं कांहीं साधनें मोडींत, कांहीं फारसींत, कांहीं पोर्तुगीजमध्यें, तशींच कांहीं फ्रेंचमध्यें आहेत. मोडी व फ्रेंच या दोहोंचें ज्ञान एकाच माणसाचे ठायीं असेल, तर त्याच्यापुढें केवढें तरी काम पडलेलें आहे.

आतां विद्यापीठांत शिकवितात काय, तें पाहूं. अभ्यासाचे सामान्यतः चार भाग असतात : भाषा, वाङ्मय, संस्कृति व भाषांतर.

भाषेपासून आरंभ करूं. मराठी मुलास फ्रेंचमधील कांहीं गोष्टी इंग्रज मुलापेक्षां सोप्या जातात, हें पुष्कळांस ठाऊक नसतें. फ्रेंचमध्यें 'त्यु' व 'व्हू' अशीं दोन सर्वनामें आहेत, आपल्या 'तूं' व 'तुम्हीं' सारखीं. वडील माणसास, अनोळखी गृहस्थास, गुरुजींस 'व्हू' म्हणावें हें मराठी मुलास सांगावें लागत नाहीं. नामांस लिंग असतें, फक्त तेथें नपुंसकलिंग नाहीं. अडचण एवढीच कीं चंद्र आपला पुल्लिंगी, तर त्यांची 'ल्यून' स्त्रीलिंगी. म्हणून प्रत्येक नाम त्याच्या लिंगासह पाठ करावें लागतें. संख्या ऐकून प्रथम हंसूं येतें. सत्तर म्हणजे 'साठ-दहा', ऐंशी म्हणजे 'चार वीस', आणि नव्व्याण्णव म्हणजे 'चार वीस एकोणीस'. पण आपल्या बाजारांतील जुनीं माणसें 'चार विसा' असें मोजीतच असत, आणि एकोणऐंशी म्हणजे ऐंशींत एक उणा हें आपलें गणित तरी कोठें सरळ आहे !

व्याकरणांतील एक स्थळ तर असें आहे कीं तेथें फ्रेंच मुलेंहि चुकतात, आणि मराठी मुलास मात्र तें ओळखीचें वाटावें. 'जो ग्रंथ मीं लिहिला' आणि 'जी चिठ्ठी मीं लिहिली' या वाक्यांत लिहिणारा एकच असून क्रियापद बदलतें, कारण तें कर्माच्या लिंगाप्रमाणें चालतें. फ्रेंचमध्येंहि 'ल लीव्र क झे एक्री' आणि 'ला लेत्र क झे एक्रीत' असें होतें; चिठ्ठी स्त्रीलिंगी म्हणून 'एक्री' चें 'एक्रीत' झालें. भेद इतकाच कीं फ्रेंचमध्यें कर्म क्रियापदाच्या आधीं आलें तरच हा बदल होतो, मराठींत तें कोठेंहि असलें तरी होतो. इंग्रजींतून फ्रेंच शिकणाऱ्यास हा नियम घोकावा लागतो. मराठींतून शिकणाऱ्यास नुसता दाखवावा लागतो. म्हणून शिक्षकांनीं फ्रेंच शिकवितांना इंग्रजीबरोबर मराठीचाहि हात धरावा, अशी सूचना येथें करावीशी वाटते.

कठीण भाग उच्चारांचा. ओठ 'ऊ' म्हणण्यासारखे गोल करून जीभ 'ई' च्या जागीं ठेविली म्हणजे त्यांचा एक विशेष स्वर निघतो. तो आपल्याकडे नाहीं. त्यांचा 'र' घशांतून येतो. शब्दाच्या शेवटचीं व्यंजनें बहुधा मुकीं असतात, म्हणून पॅरिसचें त्यांच्या तोंडीं 'पारी' होतें. परंतु पुढील शब्द स्वरानें सुरू झाला तर मुकें व्यंजन एकाएकीं बोलूं लागतें : 'ले' व 'आँफाँ' मिळून 'लेझाँफाँ', म्हणजे मुलें. ज्यानें संस्कृतांत 'जगत्' व 'ईश' मिळून 'जगदीश' केला आहे त्यास हें नवल वाटूं नये.

वाङ्मयाच्या अभ्यासांत मोंतेन्यचे निबंध, मोल्येरचीं नाटकें, व्होल्तेर व रूसो यांचे विचार, व्हिक्तोर ह्यूगोच्या कादंबऱ्या व कविता, आणि अलीकडील काम्यू, तसेंच २०२२ चें नोबेल पारितोषिक मिळालेल्या आनी एर्नो यांच्यापर्यंतचे लेखक येतात. पण लेखकांच्या नांवांपेक्षां मोलाची आहे ती वाचनाची पद्धति. एक उतारा घ्यावयाचा आणि त्यांतील प्रत्येक शब्द तेथेंच कां आला, वाक्य कोठें लांबलें व कोठें तुटलें, लेखकानें काय सांगितलें व काय गाळलें, याचा सावकाश शोध करावयाचा. निबंध लिहितांना आधीं एक बाजू, मग तिच्या विरुद्ध बाजू, आणि शेवटीं दोहोंचा समन्वय, अशी मांडणी फ्रेंच विद्यार्थ्यांकडून करून घेतात. आपल्या शास्त्रग्रंथांतील पूर्वपक्ष, उत्तरपक्ष व सिद्धांत यांशीं ही रीत किती जुळते पहा ! हें वळण एकदां लागलें म्हणजे तें कायद्याच्या, पत्रकाराच्या, शिक्षकाच्या, कोणत्याहि धंद्यांत उपयोगी पडतें.

संस्कृतीचा अभ्यास म्हणजे केवळ आयफेल मनोऱ्याचें चित्र व पावाचे प्रकार नव्हेत. दुकानांत पाऊल टाकतांच 'बाँझूर' म्हटल्यावांचून कांहीं मागणें तेथें उद्धटपणाचें समजतात, ही लहान गोष्ट झाली. मोठ्या गोष्टी म्हणजे त्या समाजानें कोणत्या प्रश्नांवर भांडण केलें व कोणता निवाडा केला. १७८९ च्या क्रांतीनंतर स्वातंत्र्य, समता व बंधुता हे तीन शब्द जगभर गेले. आपल्या राज्यघटनेच्या उद्देशिकेंतहि ते आहेत. डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांनीं १९५४ सालीं आकाशवाणीवरील भाषणांत स्पष्ट केलें कीं हीं तत्त्वें आपण फ्रेंच राज्यक्रांतीपासून उसनीं घेतलेलीं नसून बुद्धाच्या शिकवणींतून घेतलीं आहेत; आणि दोनच वर्षांनीं, १४ ऑक्टोबर १९५६ रोजीं, त्यांनीं याच नागपुरांत बौद्ध धर्माची दीक्षा घेतली. एकाच शब्दाचा उगम दोन ठिकाणीं कसा शोधतां येतो, आणि तो कोठें शोधावा याला एवढें महत्त्व कां, हा प्रश्न दीक्षाभूमीच्या शहरांतील विद्यार्थ्यानें फ्रेंचच्या वर्गांत उभा केला, तर त्या वर्गाचें चीज होईल. तसेंच १९०५ सालीं फ्रान्सनें कायद्यानें धर्मसंस्था व राज्यसंस्था यांची फारकत केली. तिकडील 'लाइसिते' व आपल्याकडील धर्मनिरपेक्षता हीं वरवर एक दिसलीं तरी एक नव्हेत : तेथें २००४ च्या कायद्यानें सरकारी शाळांतील मुलांनीं ठळक धर्मचिन्हें धारण करण्यास मनाई झाली, तर आपल्याकडे राज्यसंस्था सर्व धर्मांस वाव देऊं पाहते. कोणतें बरें हें ठरविण्यापूर्वीं दोन्ही नीट समजून घेणें याचेंच नांव शिक्षण.

फ्रेंच म्हणजे केवळ फ्रान्स, असेंहि समजूं नये. कॅनडांतील केबेक, बेल्जम, स्वित्झर्लंडचा कांहीं भाग आणि आफ्रिकेंतील अनेक देश या भाषेंत व्यवहार करितात. तीस कोटींहून अधिक लोक ती बोलतात असा अंदाज आहे, व संयुक्त राष्ट्रांच्या सहा अधिकृत भाषांपैकीं ती एक आहे. सेनेगालचे पहिले राष्ट्राध्यक्ष सेंघोर हे फ्रेंचचे थोर कवि होते. १६३५ सालीं स्थापन झालेल्या फ्रेंच अकादमीनें १९८३ सालीं त्यांस सभासद निवडलें. आणि आपणांस जवळचें उदाहरण हवें असेल तर मॉरिशस बेटाचें घ्या. १७१५ पासून १८१० पर्यंत तें फ्रेंचांच्या ताब्यांत होतें. पुढें इंग्रजी अमलांत कोंकणांतून शेंकडों मराठी माणसें तेथें उसाच्या मळ्यांवर मजुरीस गेलीं. त्यांचे वंशज आजहि गणेशचतुर्थी साजरी करितात; त्या दिवशीं तेथें सार्वजनिक सुटी असते. वर्तमानपत्र मात्र ते फ्रेंच वाचतात. मराठी देवघर व फ्रेंच वर्तमानपत्र एका घरांत सुखानें नांदूं शकतात, याचा हा जिवंत दाखला होय.

आतां व्यवहाराच्या गोष्टी. महाराष्ट्रांत मुंबई विद्यापीठाचा फ्रेंच विभाग, आणि पुण्यांत रानडे इन्स्टिट्यूटच्या आवारांतील सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठाचा परकीय भाषा विभाग हीं या अभ्यासाचीं जुनीं ठिकाणें आहेत. शेजारीं गोवा विद्यापीठ. दूरवर हैदराबादचें इंग्रजी व परकीय भाषांचें विद्यापीठ, दिल्लीचें जवाहरलाल नेहरू विद्यापीठ व पुदुच्चेरी विद्यापीठ. याशिवाय १८८३ सालीं पॅरिसमध्यें निघालेल्या आलियाँस फ्रांसेझ या संस्थेच्या शाखा मुंबई-पुण्यास आहेत. भाषेची पात्रता मोजण्यासाठीं युरोपांत ए-१ पासून सी-२ पर्यंत सहा पायऱ्या ठरविल्या आहेत. पहिल्या चार पायऱ्यांची परीक्षा 'डेल्फ' व वरच्या दोहोंची 'डाल्फ' नांवानें होते, आणि हीं प्रमाणपत्रें जन्मभर चालतात. शाळेंतील दोन वर्षांच्या अभ्यासानें पहिल्या एक-दोन पायऱ्याच चढून होतात. फ्रान्समधील विद्यापीठांत फ्रेंच माध्यमानें शिकावयाचें तर बहुधा चौथी पायरी, म्हणजे बी-२, लागते. तेथील सरकारी विद्यापीठांचें शुल्क खासगी संस्थांच्या मानानें कमी असतें. मात्र २०१९ पासून युरोपीय संघाबाहेरील विद्यार्थ्यांसाठीं तें वाढवून पहिल्या पदवीस वर्षाला २७७० युरो असें ठरविण्यांत आलें, आणि राहण्याजेवण्याचा खर्च वेगळा. तेव्हां 'परदेशीं शिक्षण फुकट' या ऐकीव गोष्टीवर विसंबून कोणीं कर्ज काढूं नये.

पोटाचा प्रश्न टाळून चालणार नाहीं. पालकांनीं हें स्पष्ट ध्यानीं घ्यावें कीं नुसत्या फ्रेंचच्या पदवीनें नोकरी दारीं चालत येत नाहीं. पदवी मिळाली पण बोलतां येत नाहीं, लिहितां येत नाहीं, अशास कोणी विचारीत नाहीं. परंतु ज्याची भाषा वरच्या पायऱ्यांस पोंचली आहे त्यास अध्यापन, भाषांतर, दुभाष्याचें काम, पर्यटन, प्रकाशन, आणि फ्रेंच कंपन्यांशीं व्यवहार करणाऱ्या कचेऱ्या अशा वाटा मोकळ्या असतात. फ्रान्समधील शाळांत इंग्रजीचे सहायक म्हणून कांहीं महिने काम करण्याची संधीहि भारतांतील फ्रेंचच्या विद्यार्थ्यांस मिळते. भारतीय परराष्ट्रसेवेंत निवड झालेल्या उमेदवारांस एक परकीय भाषा शिकावीच लागते, आणि फ्रेंच ही त्यांपैकीं एक आहे. ज्यास अभियांत्रिकी, कायदा किंवा वाणिज्य घ्यावयाचें आहे त्यानें तो विषय सोडूं नये. त्याच्या जोडीला फ्रेंच ठेवावी. दोन विद्या जाणणारा माणूस दोन्ही ठिकाणीं उपयोगी पडतो.

कोणी म्हणेल, आज यंत्र क्षणार्धांत भाषांतर करून देतें, मग इतका खटाटोप कशाला ? यंत्र उपयोगी आहे, यांत शंका नाहीं. पण करारपत्रांतील एक शब्द चुकला तर यंत्र न्यायालयांत उभें राहत नाहीं. त्याखालीं सही करणारा माणूसच उभा राहतो. शिवाय यंत्रानें केलेलें काम बरोबर कीं चूक हें सांगण्यास दोन्ही भाषा जाणणाराच हवा. गणकयंत्र आलें म्हणून पाढे पाठ करणें आपण सोडलें नाहीं, आणि ज्यांनीं सोडलें त्यांची फजिती दुकानदाराच्या गल्ल्यापाशीं रोज दिसते.

शेवटीं विद्यार्थिमित्रांस चार शब्द. फ्रेंच केवळ गुणांसाठीं घ्यावयाची असेल तर खुशाल घ्या, पण ती आली असें मात्र समजूं नका. ती खरोखर शिकावयाची असेल तर रोज अर्धा तास मोठ्यानें वाचा. रोज दहा ओळी लिहा. ऐकून लिहिण्याचा सराव करा, कारण फ्रेंच मुलेंहि तोच करितात. शब्दकोश मांडीवर ठेवा, आणि जो शब्द पाहाल त्याचा मराठी प्रतिशब्द काय हें स्वतःस विचारा. तो सुचला नाहीं तर इंग्रजीवर समाधान मानूं नका. घरांतील वडील माणसांस विचारा, ज्ञानेश्वरींत पहा, तुकारामांत पहा, ना. वा. टिळकांच्या कवितेंत पहा. ज्याची मराठी पातळ आहे त्याचें फ्रेंच भाषांतरहि पातळच होतें, हा अनुभवाचा नियम आहे. आणि महिन्यांतून एकदां तरी एखादें लहानसें फ्रेंच पान मराठींत उतरवून आपल्या आईस वाचून दाखवा. तिला तें नीट समजलें तर तुमची फ्रेंच व मराठी दोन्ही योग्य मार्गावर आहेत असें समजावें. आणि समजलें नाहीं, तर तेंच पान दुसऱ्या दिवशीं पुन्हां लिहावयास बसावें.